मर, दादा, मर

१

टोमॅटो मेले होते, आणि तेही हिरवेच्या हिरवे. एक पान पिवळं पडलेलं नव्हतं, खोडावर डाग नव्हता, फळ सडलेलं नव्हतं. चार दिवसांपूर्वी ताठ उभी असलेली झाडं आधाराच्या दोऱ्यांवर ओल्या कपड्यांसारखी लोंबकळत होती.

"विष!" दादा म्हणाला. "ठिबकच्या टाकीत तणनाशक ओतलंय. आणि कोणी ओतलंय तेही मला ठाऊक आहे."

आत्या पॉलीहाऊसच्या दारात उभी राहून चष्मा पुसत होती. ती आत्ताच बसमधून उतरली होती आणि अजून कोणी तिला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. उभं आयुष्य तिने पिकांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत घालवलं होतं. निवृत्त झाली तरी सवय सुटली नव्हती. कोणाच्याही घरी गेली की आधी कुंड्यांची विचारपूस करायची, मग माणसांची. आपलं चुकेल अशी शंका तिला सहसा येत नसे. चुकतही नसे म्हणा.

"सगळं तुला ठाऊक आहे, तर मला कशाला बोलावलंस?" तिने विचारलं.

"तू बाबांची बहीण. घरात तुझ्यावर कोणी नाही. तू एकदा तुझ्या तोंडाने म्हण, विष आहे. मग मी भिंत घालायला मोकळा."

ती भिंत आत्याने येतानाच पाहिली होती. म्हणजे भिंत अजून नव्हती, पण तिची जागा होती. घराच्या पायरीपासून विहिरीपर्यंत अंगणाच्या मधोमध चुन्याची पांढरी रेघ मारलेली होती आणि उरलेला चुना पोत्यांत भरून ठेवलेला होता. रेघेच्या अलीकडे दादा आणि त्याची बायको थोरली, पलीकडे धाकटा भाऊ आणि त्याची बायको धाकटी. गवंडी उद्या सकाळी येणार होता. दोन्ही पोरांना आत्याने अंगाखांद्यावर खेळवलेलं होतं.

"धाकट्याने स्वतःच्या घरातलं पीक का मारावं?"

"टोमॅटो नकोच होते त्याला! काकडी लावू, काकडी लावू, म्हणून वर्षभर माझं डोकं खाल्लं. मी म्हटलं, बाबांनी टोमॅटोवर हे घर उभं केलं, मी असेपर्यंत टोमॅटोच राहणार. तेव्हापासून मला पाण्यात पाहतोय." बोलता बोलता दादाने खिशातून चाकू काढला, एका मेलेल्या झाडाची दोरी कापली, पातं पँटीवर पुसलं आणि चाकू पुन्हा खिशात टाकला. लाकडी मुठीचा तो जुना चाकू आत्याने लगेच ओळखला. तिच्या भावाचा होता. भाऊ गेला, चाकू राहिला.

ती आत शिरली आणि ओळींमधून हळूहळू चालू लागली. दाराशीच वांग्याची दोन झाडं होती, तीही माना टाकून उभी. त्यांना लागून टोमॅटोची पहिली ओळ. ती दारापासून जवळजवळ शेवटापर्यंत मेलेली. तिसऱ्या ओळीत वेगळाच प्रकार होता. तिथे मागच्या भिंतीकडची झाडं गेली होती आणि दाराकडची बरीचशी जिवंत होती. चौथ्या ओळीत पुन्हा दाराजवळची दोनतीन कोमेजलेली, पुढची सगळी ठणठणीत. मागच्या कोपऱ्यात मिरचीच्या कुंड्या होत्या, त्यांना धक्काही लागलेला नव्हता.

आत्या खाली वाकली. मेलेल्या टोमॅटोंच्या पायाशी तण माजलं होतं, हिरवंगार.

"मोठंच हुशार तणनाशक दिसतंय," ती म्हणाली. "तण सोडलं आणि टोमॅटो मारले."

दादाच्या कपाळावर आठी पडली. आत्या सरळ उभी राहिली आणि तिने पहिल्या आणि तिसऱ्या ओळीच्या मधे बोट दाखवलं. तिथली दुसरी ओळ दारापासून भिंतीपर्यंत टवटवीत होती, फळांनी लगडलेली.

"आणि ही रे कोणाची?"

"तेच तर सांगतोय!" दादाचा आवाज चढला. "ही धाकटीची ओळ. सगळ्यांचं मेलं, तिचं तेवढं वाचलं!"

२

थोरली स्वयंपाकघरात बटाटे चिरत बसली होती. आत्याला पाहून तिचे डोळे भरून आले. चहाचं आधण ठेवता ठेवता ती बोलायला लागली ती थांबेना.

"मला भांडण नको हो आत्या. पण कानांनी ऐकलेलं कसं विसरू? नवऱ्याच्या जिवावर उठलेल्या बाईबरोबर एका छपराखाली राहू?"

"काय ऐकलंस? शब्द न् शब्द सांग. स्वतःचा मीठमसाला घालू नकोस."

थोरलीने सुरी खाली ठेवली. "झाडं पडायच्या आदल्या दिवशी मी पॉलीहाऊसकडे गेले होते. आत धाकटी एकटीच होती. फोन कानाला लावून, हळू आवाजात बोलत होती. पंखा चालू होता, मधे प्लास्टिकचा पडदा, त्यामुळे सगळं नाही ऐकू आलं. पण हे स्पष्ट ऐकलं, 'मर'. मग, 'दादा'. मग पुन्हा, 'मर'."

"आणखी?"

"आणखी काय हवंय? मर, दादा, मर! दातओठ खाऊन म्हणत असणार."

"दातओठ तुला पडद्याआडून दिसले?"

थोरलीने सुरी पुन्हा उचलली. मग पुटपुटली, "तसंच वाटलं."

आत्याने चहाचा घोट घेतला. चहा उत्तम होता, आणि हे तिने सांगितलंही. मग तिची नजर पाटावर गेली. चिरलेल्या बटाट्यांचा एक ढीग पांढराशुभ्र होता. बाजूला टाकलेल्या फोडी होत्या, आणि त्या प्रत्येकीच्या आत सालीला समांतर तपकिरी कडं उमटलं होतं.

"हे का टाकलेस?"

"वरून बघावं तर लोण्यासारखे, आणि आत हे असं. अख्खं पोतं तसलंच निघालं. निम्मे यांनी मागच्या वाफ्यात लावले, निम्मे आम्ही खातोय. चांगला भाग घ्यायचा, बाकीचा टाकायचा. दुसरं काय?"

"बाजारातला माल असाच असतो," आत्या म्हणाली आणि कडं असलेली एक फोड उचलून तिने दोन बोटांत दाबली. मग ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली. थोरली बघतच राहिली. म्हातारपणी माणसं काय काय गोळा करतात कोण जाणे, असा भाव तिच्या चेहऱ्यावर होता.

"धाकटी कुठे सापडेल?" आत्याने विचारलं.

"आधी धाकट्या भाऊजींना भेटा," थोरली कडवटपणे म्हणाली. "ते म्हणतात, त्यांचंही पीक कोणीतरी मारलंय. आणि नाव कोणाचं घेतात माहितीय? यांचं!"

३

धाकटा काकडीच्या मांडवाखाली उभा होता आणि रागाने लाल झाला होता. मांडवावरचे काही वेल खरोखरच मेले होते. इथे एक, तिथे दोन, मग चांगले, मग पुन्हा एक.

"त्याने मला विष घालणारा म्हटलं, मग मी गप्प बसू?" धाकटा म्हणाला. "माझ्या काकड्या त्याच्या डोळ्यांत सलतात. बाबांनी लावल्या नव्हत्या ना! टोमॅटो गेले तसा त्याने येऊन काहीतरी फवारून माझा मांडव जाळला. सूड!"

"पाहिलंस तू त्याला?"

"बघायला कशाला हवं?"

"वा!" आत्या म्हणाली. "दोघं भाऊ एका साच्यातले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. तुझी शाळा अशीच झाली. उत्तर आधी, गणित नंतर."

धाकट्याला हसू आलं, पण त्याने ते दाबलं. आत्याने मेलेल्या वेलाचं एक पान उलटं केलं. पानाला भोकं होती, कोणीतरी पंचने पाडल्यासारखी, आणि खालच्या बाजूला एक छोटासा पट्ट्यापट्ट्यांचा भुंगेरा आरामात चरत होता. तिने त्याला टिचकी मारून उडवलं.

"तुझ्याकडे ब्लेड आहे?"

धाकट्याने दिलं. तिने वेल आडवा कापला, कापलेली दोन टोकं पुन्हा एकमेकांना चिकटवली, क्षणभर दाबून धरली आणि सावकाश दूर ओढली. दोन टोकांच्या मधे एक बारीक, चकचकीत तार ताणली गेली. पाकातल्या चमच्याला येते तशी.

"अरेच्चा!" धाकटा म्हणाला.

"हं," आत्या म्हणाली, आणि तिने ते टोक टाकून हात धुतले, साबण लावून, दोनदा.

"काय आहे ते?"

"सांगेन. एकदाच सांगेन, सगळ्यांसमोर सांगेन. मला पुन्हा पुन्हा बोलायचा कंटाळा येतो." हे धादांत खोटं होतं. "मला एवढंच सांग, टोमॅटोच्या बगलेतले फुटवे कोण काढतं?"

"मी आणि ही. पण या खेपेला मी तापाने आडवा होतो. हिने एक ओळ केली, तेवढ्यात दादा आला. म्हणाला, अशा गोगलगायीच्या चालीने कधी होणार? मी करतो बाकीचं."

आत्याच्या भुवया वर गेल्या. ती पुढचा प्रश्न विचारणार, तोच पॉलीहाऊसकडून दादाची आरोळी आली.

"सापडलं! आत्या, लवकर ये! विष सापडलं!"

४

दादाच्या हातात बादली होती. धाकटीच्या कामाच्या बाकाखालून ती त्याने ओढून काढली होती. बादलीतल्या पाण्याला नाक झोंबेल असा उग्र वास येत होता. धाकटी भिंतीला पाठ लावून उभी होती. बारीक अंगाची, शांत चेहऱ्याची मुलगी. लग्नाआधी ती एका रोपवाटिकेत काम करायची.

दाराशी आणखी एकजण होता. टोमॅटोची रोपं पुरवणारा रोपवाला. बोलायला इतका गोड की सगळे त्याला साखऱ्या म्हणत. आपल्या रोपांवर बालंट येऊ नये म्हणून तो आज स्वतःहून टपकला होता.

"बघा, मी म्हणत नव्हतो!" साखऱ्या आत्याकडे वळला. "आमची रोपं म्हणजे सोनं. माल चांगला, मालकांच्या घरात काय शिजतं त्याला आम्ही काय करणार?"

"दुसरी ओळ कोणाच्या रोपांची?" आत्याने विचारलं.

"आमच्याच. त्याच ट्रेमधली."

"मग सोनं ते सोनंच. तुम्ही सुटलात. आता जरा गप्प बसा."

साखऱ्या सुटल्याच्या आनंदात खरोखर गप्प बसला. आत्याने बादलीजवळ नाक नेलं, मग धाकटीचा हात हातात घेऊन त्याचाही वास घेतला. तोच वास.

"काय आहे यात?"

"ब्लीचिंग पावडर," धाकटी म्हणाली. "पाण्यात कालवलेली."

"कशासाठी?"

धाकटीने एकदा दादाकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे. "मला विचारू नका, आत्या."

"पाहिलंस!" दादा कडाडला. "चोराच्या मनात चांदणं! त्या दिवशीही हिच्या हातांना हाच वास येत होता. मला वाटलं, भांडी घासली असतील."

तोपर्यंत धाकटा धावत आला होता. "तिला एक शब्द बोललास तर बघ, दादा!"

"काय करशील? काय करशील रे?"

भाऊ छातीला छाती लावून उभे राहिले. आत्याने दोघांच्या मधे आपली पर्स घातली. पर्स जड होती.

"थोरलीला बोलवा," ती म्हणाली. "तोवर मी मागचा वाफा बघून येते. भांडायचं असेल तर मी परत आल्यावर भांडा, मलाही मजा बघता येईल."

ती घराच्या मागे गेली. दादाने लावलेल्या बटाट्याच्या वाफ्याकडे गडबडीत कोणाचं लक्षच गेलं नव्हतं. पाला हिरवा होता, आणि वाफ्याच्या एका बाजूची झाडं माना टाकून बसली होती. आत्याने तिथे उभं राहून मान डोलावली. कोडं सुटलं होतं. आता ते कसं सांगायचं एवढंच राहिलं होतं, कारण उत्तर घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या खिशात होतं.

५

सगळे पॉलीहाऊसमध्ये जमले. आत्याने पर्समधून काचेचा ग्लास काढला, त्यात स्वच्छ पाणी भरलं आणि तो बाकावर उजेडात ठेवला. मग पहिल्या ओळीतल्या एका मेलेल्या टोमॅटोचं खोड ब्लेडने कापलं, त्याचा तुकडा पाण्यात बुडेल असा धरला.

"बोलू नका, फक्त बघा."

थोडा वेळ काही झालं नाही. मग खोडाच्या कापलेल्या तोंडातून पांढरा, दुधाळ धागा निघाला आणि पाण्यात खाली खाली उतरू लागला. मग दुसरा, तिसरा. ग्लासातलं पाणी गढूळ झालं.

"अगं बाई!" थोरली म्हणाली.

"हे विष नाही," आत्या म्हणाली. "हे जिवाणू आहेत. डोळ्यांना एकेकटे दिसत नाहीत, पण इथे त्यांची जत्रा भरलीय. मातीतून, नाहीतर जखमेतून झाडात शिरतात आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या तुंबवतात. झाडाच्या पायाशी पाणी असतं, पण शेंड्याला घोट मिळत नाही. म्हणून हिरवंच्या हिरवं झाड मरतं. पिवळं पडायलासुद्धा त्याला वेळ मिळत नाही."

"टाकीतून आले असतील," दादा म्हणाला. "कोणीतरी घातले असतील!"

"टाकीतलं पाणी प्रत्येक ओळीला दाराकडूनच येतं ना? मग तिसरी ओळ मागच्या भिंतीकडून का मेली?" आत्याने हात उचलून हवेत वाट काढली. "पहिली ओळ दाराकडून सुरू होते आणि मागे संपते. दुसरी वगळ. तिसरी मागून सुरू होते आणि दाराशी संपते. चौथी पुन्हा दाराकडून. पाणी असं चालत नाही. असं कोण चालतं?"

मग साखऱ्या न राहवून म्हणाला, "माणूस! एका ओळीने जायचं, दुसरीने परत यायचं!"

"तुम्हाला गप्प बसायला सांगितलं होतं. पण बरोबर. फुटवे काढणारा माणूस. दाराशी वांग्यांपासून त्याने सुरुवात केली, मग पहिली ओळ. दुसरी आधीच झालेली होती, म्हणून तिसरीने परत. जसा जसा पुढे गेला तसा रोग कमी होत गेला, चौथ्या ओळीत संपलाच. म्हणजे रोग त्याच्या हत्यारावर होता आणि झाडांच्या जखमांना पुसला जाता जाता संपला. मिरचीही याच रोगाला बळी पडते, टोमॅटो-वांग्यांची सख्खी बहीण ती. पण तिचे फुटवे कोणी काढले नाहीत, म्हणून ती वाचली."

दादाचा चेहरा हळूहळू बदलत होता. त्याचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"आणि दुसरी ओळ?" धाकट्याने विचारलं.

"दुसऱ्या ओळीतही तीच रोपं, तीच माती, तेच पाणी. फरक एकच. ती धाकटीने केली, आणि धाकटी प्रत्येक झाडानंतर कात्री या बादलीत बुडवते. रोपवाटिकेतली शिस्त आहे ती. ज्या ओळीमुळे तुम्ही तिला चोर ठरवलंत, ती ओळच तिची साक्षीदार आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतात."

थोरलीने पदर तोंडाला लावला. मग तिला आठवलं. "पण मग ते 'मर, दादा, मर'?"

"या रोगाचं नाव काय ग, धाकटे?" आत्याने विचारलं.

धाकटीने वर पाहिलं. तिचे डोळे भरले होते. "मर," ती म्हणाली. "मर रोग. मी बहिणीशी बोलत होते, ती अजून रोपवाटिकेत आहे. त्या दुपारी दोनतीन शेंडे कोमेजलेले दिसले होते, म्हणून मी म्हटलं, बहुतेक ही मर आहे, आता दादांना कसं सांगू? मर हत्यारावरून पसरते ना, म्हणून विचारत होते."

"म्हणजे नाव होतं ते! मी आपली क्रियापद समजले!" थोरली म्हणाली आणि मटकन बाकावर बसली.

"हत्यारावर तो रोग आला कुठून?" दादाने विचारलं. आवाज इतका खाली गेला होता की त्याचा वाटेना.

आत्याने रुमालातून बटाट्याची फोड काढली आणि दाबली. तपकिरी कड्यातून पांढरट थेंब बाहेर आले.

"टोमॅटोत दिसतं कोमेजणं, बटाट्यात दिसतं कडं. रोग एकच. तू लावण्यासाठी बटाटे कापलेस, कड्याचे भाग काढून टाकलेस, आणि तोच चाकू घेऊन इथे आलास. धुतलास?"

"बाबा म्हणायचे..." दादा थांबला. "बाबा म्हणायचे, या चाकूला पाणी लावू नका, धार जाते. नुसता पुसायचा. मी आजवर कधी..." त्याने चाकू बाहेर काढला आणि तळहातावर ठेवला. "काखेत कळसा," तो म्हणाला. पुढचं त्याला म्हणवेना.

धाकटा काही बोलायला गेला. आत्याने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"तू फार ताठ होऊ नकोस. तुझ्या काकडीलाही मरच आहे, पण तिचा जिवाणू निराळा, घराणं निराळं. तो टोमॅटोला शिवत नाही, टोमॅटोचा काकडीला शिवत नाही. काकडीची मर पट्ट्यापट्ट्यांचे भुंगेरे वेलावेलांवर नेऊन पोचवतात, म्हणून तुझे वेल इथे एक, तिथे एक असे गेले. कापलेल्या वेलातून तार निघाली ती त्याचीच खूण. तुझ्या सुडाच्या गोष्टीतला दादा म्हणजे एवढासा किडा आहे."

धाकट्याने मान खाली घातली. मग त्याने बायकोला विचारलं, "मला तरी सांगायचंस."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही दादांच्या अंगावर धावून गेला असता," धाकटी म्हणाली. "आणि दादांना सांगायचं म्हणजे बाबांच्या चाकूला नावं ठेवायची. मी या घरात कालची आलेली. मला वाटलं, भिंत झाली तरी चालेल, पण घरातल्या गेलेल्या माणसाला माझ्या तोंडून दोष नको."

आत्याला त्या पोरीचा इतका अभिमान वाटला की तिने चष्मा काढून उगाचच पुन्हा पुसला.

६

दादाला माफी मागता येत नसे. लहानपणीही येत नसे. चूक झाली की तो गुपचूप दुसऱ्याचं काम करून टाकायचा. हे आत्याला माहीत होतं, म्हणून तो काही न बोलता बाहेर निघून गेला तेव्हा तिने कोणाला त्याच्यामागे जाऊ दिलं नाही.

"आता या मातीचं काय करायचं, आत्या?" धाकट्याने विचारलं.

"मेलेली झाडं मुळासकट उपटून जाळा. मागचा बटाट्याचा वाफाही. काही वर्षं इथे टोमॅटो नको, वांगी नको, मिरची नको, बटाटा नको. हा जिवाणू मातीत दबा धरून बसतो. मका लावा, कोबी लावा, त्यांचं तो काही वाकडं करू शकत नाही. माती आंबट झालेली असणार, तिला चुना द्या. आणि टोमॅटोशिवाय दादाचा जीव राहणारच नसेल तर पुढे रानवांग्याच्या मुळावर टोमॅटोचं कलम बांधा. ते मूळ या रोगाला दाद देत नाही. कलम बांधणारी घरात आहेच."

"आणि काकडी?"

"रोगट वेल काढ, रोपं लहान असतानाच जाळीखाली झाक, म्हणजे भुंगेरे पोचणार नाहीत. आणि पुन्हा कोणाचं नाव घेण्याआधी पान उलटं करून बघ."

बाहेर खरडल्याचा आवाज यायला लागला. थोरलीने पडदा बाजूला केला. दादा अंगणात उकिडवा बसला होता आणि खुरप्याने जमिनीवरचा चुना खरवडून घमेल्यात भरत होता. पायरीपासूनची निम्मी रेघ गेली होती. धाकटा क्षणभर बघत राहिला, मग कोपऱ्यातलं दुसरं खुरपं घेऊन विहिरीच्या टोकाकडून त्याने सुरुवात केली. दोघे एकमेकांकडे न बघता खरवडत मधे येऊ लागले. मधे पोचल्यावर घमेलं एकच होतं, म्हणून त्यांना ते मिळून उचलावं लागलं.

चुना पहिल्या ओळीच्या मोकळ्या होणाऱ्या जागेशी येऊन पडला. उरलेली पोतीही दादा ओढत घेऊन आला.

"गवंड्याला फोन कर," तो थोरलीला म्हणाला. "म्हणावं, चुना दुसरीकडे लागला."

मग तो धाकटीच्या बाकाशी गेला. तिने घाबरून बादली मागे ओढली. दादाने ती पुन्हा पुढे घेतली, खिशातून बाबांचा चाकू काढला, एकदा पात्यावरून अंगठा फिरवला आणि मुठीपर्यंत पाण्यात बुडवला. त्याने डोळे मिटून घेतले होते.

"धार जाईल, दादा," धाकटी म्हणाली.

"जाऊ दे. लावता येते धार." त्याने डोळे उघडले. तिच्याकडे सरळ बघायला त्याला थोडा वेळ लागला. "तू फोनवर हळू का बोललीस?"

धाकटीने चाकू पुसायला बाकावरचं फडकं त्याच्यापुढे केलं.

"पुन्हा कधी असं काही दिसलं," दादा म्हणाला, "तर मनात ठेवायचं नाही. अंगणात उभं राहायचं आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं ओरडायचं. मर, दादा, मर!"

थोरलीला आधी हसू फुटलं, मग धाकटीला. आत्याने ग्लासातलं गढूळ पाणी त्याच बादलीत ओतलं, ग्लास धुतला, पुसून पर्समध्ये ठेवला आणि जेवायला काय आहे ते विचारलं.

"बटाटे सोडून काहीही," थोरली म्हणाली.